गोऱ्ह्याचं डावं पेडल

माझी पत्नी उजव्या पायानं अधू आहे. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून तो पाय तिच्यासोबत असतो इतकंच; भार सगळा डाव्या पायावर. लग्न होऊन ती हिंगोलीकडच्या साखरा गावाच्या अंगाला असलेल्या आमच्या गावी आली, आणि पुढची बरीच वर्षं तिनं आमचं शेत फार थोड्या वेळा पाहिलं. शेत लांब नव्हतं. पण मध्ये नाला होता, आणि पावसाळ्यात त्या काळ्या मातीच्या वाटेवर धडधाकट माणूससुद्धा चप्पल हातात घेऊन चालत असे. कुणाची बैलगाडी तिकडे जाणार असेल तर ती गाडीत बसून जाई, आणि गाडीवाल्याला परतायची घाई झाली की हातातलं खुरपं ठेवून उठे. तिला नेणारं कुणीतरी लागे, आणि आणणारंही.

यातली खरी विसंगती अशी की आमच्या दोघांत शेती तिलाच कळत होती. मी हिंगोलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवत असे. वाटणीत आलेली जमीन मी बटईनं, अर्ध्या वाट्यानं, लावून दिली होती आणि वर्षातून चार वेळा तिच्या बांधावर उभा राहत असे. ती शेतकऱ्याच्या घरात वाढली होती. बटईदार घरी आला की ती दाराआडून त्याला असे प्रश्न विचारी की तो माझ्याकडे बघे, जणू उत्तर मी द्यायचं आहे.

तो छोटा ट्रॅक्टर मला नव्वदच्या दशकाच्या मध्यावर हिंगोलीत एका भंगारवाल्याकडे दिसला. कुलरच्या गंजक्या पत्र्यांखालून त्याचं नाक तेवढं बाहेर आलं होतं. उंची माझ्या कमरेपेक्षा कमी, एका सिलिंडरचं इंजिन, दोरी ओढून चालू करायचं, आणि बसायला पसरट परातीसारखी लोखंडी बैठक. नांदेडकडच्या कुणा मोठ्या बागाईतदारानं फार पूर्वी मोसंबीच्या झाडांमधलं गवत कापायला तो परदेशातून मागवला होता म्हणे. पुढे बाग मोडली, वारसांनी सामान काढून टाकलं. भंगारवाला हसून म्हणाला, “ले जाओ सर, बच्चों को खेलने को हो जाएगा.”

तो मी पत्नीसाठी घेतला, असं मी नंतर अनेकांना सांगितलं आहे. ते खरं नाही. त्या क्षणी ती माझ्या मनातही नव्हती. मला त्या यंत्राचा मोह पडला होता. कुणीतरी फार विचार करून, फार कमी लोखंडात एक पुरतं जनावर घडवलं होतं आणि ते पत्र्यांखाली कुजत पडलं होतं. पुढे जे घडलं त्याचा विचार करताना मला दरवेळी इथपर्यंत मागे यावं लागतं.

नरसीच्या रस्त्याला पाण्याची इंजिनं दुरुस्त करणारे एक मिस्त्री होते. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे, तोंडात सतत सुपारी, आणि यंत्रांच्या बाबतीत माझ्याइतकेच हावरे. टेम्पोतून ट्रॅक्टर उतरवला तेव्हा त्यांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “सर, याचे मायबाप कुठं हायेत?”

आम्ही दोघांनी मिळून तो चालता केला. मूळचे भाग मिळण्याची शक्यताच नव्हती. म्हणून पिस्टनच्या रिंगा पाण्याच्या इंजिनाच्या, कार्ब्युरेटर जुन्या स्कूटरचा, दिवा मोपेडचा असं करत गेलो. पहिल्यांदा चालवत गावात आणला तेव्हा पारावरच्या मंडळींना दिवसभराची करमणूक झाली. एकजण ओरडला, “मास्तर, धुतला का काय याला? आटला की!” दुसरा म्हणाला, “मोठ्या ट्रॅक्टरचं पोरगं हाय ते. अजून दूध पितंय.” माझी पत्नी ओट्यावर बसली होती. तिनं पाहिलं आणि म्हणाली, “गोऱ्हाच हाय की हा.” गोऱ्हा म्हणजे अजून जुवाखाली न गेलेला बैल. ते नाव तेव्हापासून कायम झालं.

मी रोज शाळेतून आलो की अंगणात गोऱ्हा फिरवी. ती ओट्यावरून बघत राही. आठवडा-दीड आठवडा गेल्यावर एका संध्याकाळी ती म्हणाली, “याला उजव्या पायाचं कामच न्हाई बगा.”

मी थांबलो. ते खरं होतं, आणि माझ्या ध्यानात आलेलं नव्हतं. गिअर हातानं, वेग हातानं. पायाला काम एकच: डावं पेडल. ते अर्धं दाबलं की पट्टा सैल होऊन इंजिन चाकांपासून सुटतं, पूर्ण दाबलं की ब्रेक लागतो. उजव्या बाजूला नुसती पाय ठेवायची पट्टी होती. ती इतके दिवस गोऱ्ह्याकडे बघत नव्हती, माझ्या पायांकडे बघत होती.

“मी बसून पाहू का?” तिनं विचारलं.

पेडलपर्यंत तिचा पाय पोचत नव्हता आणि पेडलची स्प्रिंग ताठ होती. मिस्त्रींनी बाभळीचा एक ठोकळा तासून पेडलवर तारेनं आवळला. ताठ स्प्रिंग काढून कुठल्याशा जुन्या सायकलची मऊ स्प्रिंग घातली. चढताना धरायला पाइपाचा एक दांडा जोडला, आणि उजवा पाय घसरू नये म्हणून बैलाच्या जुन्या पट्ट्याचं चामडं वाकवून त्याची एक खोळ केली. ती बसली, पेडल दाबलं, सोडलं. गोऱ्हा पुढे सरकला. अंगणाच्या टोकाला तिनं तो वळवला आणि परत आणून माझ्यासमोर उभा केला. तिच्या तोंडावर हसू नव्हतं. एखाद्या गोष्टीची खात्री करून घेतल्यावर माणूस जसा दिसतो, तशी ती दिसत होती.

त्यानंतरची तीन-चार वर्षं आमच्या संसारातली सर्वांत चांगली वर्षं होती. आज मी हे लिहू शकतो, तेव्हा ते मला कळलं नव्हतं.

तिनं बटई मोडायला लावली आणि वरच्या पट्टीत हळद लावली. ओळींमध्ये गोऱ्ह्याच्या रुंदीएवढी जागा सोडून घेतली आणि हळद लहान असेपर्यंत त्याच्या मागे छोटं कोळपं बांधून तीच फिरवू लागली. सकाळी माझ्या बसच्या आधी तिची निघायची वेळ असे. जवळच्या तांड्यावरची एक बाई निंदण-खुरपणीला आमच्याकडे यायची. वयानं तिच्याएवढीच, बोलायला फटकळ. गोऱ्ह्याचा वेग माणसाच्या चालीइतकाच असल्यामुळे ती बाई डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन त्याच्या बरोबरीनं चालत जाई, आणि दोघींच्या गप्पा इंजिनाच्या आवाजावर चढलेल्या मला पार गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येत.

“ताई, जरा जोरात हाण की! माझी म्हैस याच्यापुढं जाईल.”

“तुझ्या म्हशीला रॉकेल पाजून बघ मग.”

ती संध्याकाळी परत येई तेव्हा तिचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत चिखलानं भरलेले असत. न्हाणीच्या दगडावर बसून ती ते सावकाश धूत असे. मी एकदा म्हणालो, मी पाणी ओततो. ती म्हणाली, “राहू द्या, मला धुवायचेत.” पायाला चिखल लागणं हीसुद्धा कुणाला मिळवायची गोष्ट असू शकते, हे मला तिच्याकडे पाहून समजलं.

रविवार माझा. त्या दिवशी मिस्त्री येत, गोऱ्ह्याचं बॉनेट उघडत, आणि आम्ही तेल बदलत, पट्टा तपासत, इंजिनाचा ठोका ऐकत बसत असू. पत्नी चहा आणून देई आणि थोडा वेळ उभी राही. अशाच एका रविवारी तिनं मला विचारलं, “बैलाचा जोर खांद्यावर येतो. याचा कुठं येतो?”

शिक्षकाला प्रश्न विचारला की तो उत्तर दिल्याशिवाय राहत नाही. मी तिला मागच्या गिअरबॉक्सपाशी नेलं. त्याच्या एका बाजूला पट्ट्याची पुली आणि दुसऱ्या बाजूला ब्रेकचा गोल ड्रम होता, दोन्ही उघडेच. मी म्हणालो, “ओढायचा सगळा जोर या चाकावर, आणि धरून ठेवायचा सगळा जोर त्या चाकावर.” ती वाकून बघत राहिली. मला माझ्या समजावण्याचं समाधान वाटलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळायचे आणि त्यांना म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आमच्या घरचे बैल केव्हाच गेले होते. ती दरवर्षी गोऱ्ह्याच्या बॉनेटला हळदीची बोटं लावी, पोळ्याला झूल म्हणून जुनी शाल घाली. गावानं हसून घेतलं आणि मग सवय करून घेतली. त्या वर्षी मी शाळेतून उशिरा आलो. गोऱ्हा गोठ्यात होता, समोर पणती होती, आणि तिचे हात मनगटापर्यंत पिवळे होते. मी जवळ जाऊन पाहिलं नाही. म्हणालो, “झाली खांदेमळणी?” ती म्हणाली, “व्हय. औंदा बराबर केली.”

पोळ्याच्या दिवशी गोऱ्ह्याला विश्रांती होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, ती शेताकडे निघाली. नाल्याच्या उतारावर तिनं पेडल दाबलं, आणि गोऱ्हा थांबला नाही. खांदेमळणीच्या संध्याकाळी तिनं पुलीला आणि ब्रेकच्या ड्रमला, त्याच्या दोन्ही खांद्यांना, वाटीभर तूप हळदीत कालवून मायेनं चोळलं होतं. पट्टा निसटत होता आणि ब्रेक धरत नव्हता. गोऱ्हा तिच्यासकट नाल्यात गेला.

तांड्यावरच्या बाईनं तिला उचलून बाहेर काढलं. सुदैवानं पाणी गुडघाभरच होतं. कोपर खरचटलं, पाठीला मुका मार लागला. मला शाळेत निरोप आला आणि मी मिळेल त्या गाडीनं घरी पोचलो तेव्हा ती ओट्यावर ओल्या लुगड्यात बसली होती आणि शेजारणींना हसत सांगत होती, “गोऱ्ह्याला तहान लागली व्हती बाई. मला इचारलंबी न्हाई, सरळ पाण्यावर गेला.”

मी त्या सगळ्यांसमोर तिला रागावलो. काय बोललो ते शब्द मला आठवतात, पण ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. यंत्राला तूप चोळणारी अडाणी बाई, असा त्यांचा अर्थ होता. शेजारणी उठून गेल्या. मग ती म्हणाली, “चूक माझीच हाय. तूप पुसून काढा, वाकलेलं सरळ करा. हळदीचं निंदण राहिलंय.”

“आता पूर्ण नीट केल्याशिवाय तू त्याच्यावर बसायचं नाही,” मी म्हणालो.

हे मी भीतीपोटी म्हणालो, असं मला तेव्हा वाटलं. भीती होतीच; पत्नीला नाल्यात पडताना मी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते दृश्य मला जास्तच भयंकर दिसत होतं. पण त्या भीतीच्या शेजारी आणखी काहीतरी बसलेलं होतं, आणि त्याला बरेच दिवस असं निमित्त हवं होतं. पुढच्या चाकांचा वाकलेला दांडा सरळ करायला मिस्त्रींचा एक दिवस पुरला असता. पट्टा आणि ब्रेक रॉकेलनं धुवायला एक सकाळ. आम्ही गोऱ्हा पूर्ण खोलला.

जुनी यंत्रं ज्यांच्या हाताखालून गेली आहेत त्यांना हे वाक्य ओळखीचं असेल: खोललाच आहे तर. खोललाच आहे तर स्कूटरचा कार्ब्युरेटर काढून मूळचा मिळतो का बघू. खोललाच आहे तर बेअरिंगही बदलू. खोललाच आहे तर जुना रंग खरवडून खालचा मूळ रंग कोणता होता ते पाहू. मिस्त्री आणि मी हे वाक्य एकमेकांना आळीपाळीनं म्हणत असू, आणि ज्याची पाळी नसे तो मान डोलवी. गोठ्यात डालड्याच्या रिकाम्या डब्यांत रॉकेलमध्ये बुडवलेले नटबोल्ट रांगेनं उभे राहिले. सुट्ट्यांत मी परभणी, नांदेड, औरंगाबादच्या जुन्या बाजारांत फिरलो. एकदा हैदराबादेतून एक स्प्रिंग आणि एक लिव्हर अशी छातीशी धरून आणली, जसा लोक देवाचा प्रसाद आणतात. त्या प्रवासांत मी सुखी होतो. हे सांगायला मला लाज वाटते, म्हणूनच सांगायला हवं.

पहिल्या काही महिन्यांत ती दर रविवारी विचारी, “कवा व्हईल?” मी म्हणे, “आता जास्त राहिलं नाही.” हळदीची काढणी मजुरांकडून झाली. पुढच्या मृगात शेत पुन्हा बटईनं गेलं आणि बटईदारानं सोयाबीन पेरलं. हिंगोली परभणीपासून तुटून वेगळा जिल्हा झाला, त्याच्या निवेदनांच्या आणि सत्कारांच्या गर्दीत शाळेची कामं वाढली, आणि आणखी एक पावसाळा गेला. तांड्यावरची बाई आता दुसऱ्यांच्या रानात जात होती, पण वाटेत आमच्या ओट्यावर टेकल्याशिवाय पुढे जात नसे. एकदा तिनं गोठ्यात डोकावून मला विचारलं, “सर, बैल बिमार पडला त लोकं चार रोजात उभा करतेत. तुमचा गोऱ्हा काय गाभण हाय व्हय?”

मिस्त्री सुपारी गिळून हसले. मीही हसलो. पत्नी हसली नाही. ती म्हणाली, “काहून छळून राहिली त्यास्नी? त्यांचा जीव रमून राहिलाय.” त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी जागा झालो असतो, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. तेही कितपत खरं आहे, मला माहीत नाही.

याच काळात तिच्या डाव्या पायाचा गुडघा दुखू लागला. आयुष्यभर एकट्यानं भार वाहिलेला पाय तो. आधी जिना, मग उंबरा, मग न्हाणीचा दगड अवघड होत गेला. हातात काठी आली. डॉक्टरांनी सांगितलं, झीज आहे, पायाला जपा. मला तिचं लंगडणं वाढलेलं दिसत होतं. ते मी रोज पाहत होतो आणि रोज मनाशी म्हणत होतो की गोऱ्हा तयार झाला की हिला चालावं लागणार नाही.

रंग देण्याआधी आम्ही शेवटची साफसफाई केली. जे मूळचं नव्हतं ते सगळं काढायचं, असं ठरलं होतं. मिस्त्रींनी करवतीनं चढायचा दांडा कापला. चामड्याची खोळ सडलीच होती. मऊ स्प्रिंग काढून मी हैदराबादची ताठ स्प्रिंग बसवली. ती आपल्या खाचेत बसताना जो आवाज झाला त्यानं आम्ही दोघे प्रसन्न झालो. पेडलवरची तार तोडून मी बाभळीचा ठोकळा गोठ्याच्या दारात टाकला. पत्नी काठी टेकत चहा झाल्याचं सांगायला आली होती. तिनं ठोकळा पाहिला.

“हे काहून काढलं?”

“ते मूळचं नव्हतं ना,” मी म्हणालो. “आता जसा कारखान्यातून आला तसा होईल.”

ती थोडा वेळ पेडलकडे बघत होती. मग काठी भिंतीला लावून तिनं कष्टानं वाकून ठोकळा उचलला आणि आत गेली. रात्री जेवायला बसलो तेव्हा तो चुलीत होता. बाभळीचं जुनं लाकूड, निखारा चांगला धरला होता. मी ते पाहिलं आणि भाकरी मोडली. त्या घडीलाही मला त्याचा अर्थ लागला नाही, की लागला होता आणि मी तो बाजूला सारला, हे आज मला ठरवता येत नाही.

रंग वाळला. गोऱ्हा सुरू झाला तो पहिल्याच ओढीला. असा आवाज त्यानं आधी कधीच केला नव्हता. एकसारखा, खोल, तक्रार नसलेला. अंगणात माणसं जमली. कुणी म्हणालं, “मास्तर, नवरदेव केला की याला!” मिस्त्रींनी नवा सदरा घातला होता. पत्नी चांगलं लुगडं नेसून बाहेर आली. तांड्यावरची बाई कामावर न जाता मुद्दाम थांबली होती.

धरायला दांडा नव्हता. मिस्त्री आणि मी दोघांनी तिला दोन्हीकडून धरून बैठकीवर चढवलं. तिनं डावा पाय पुढे केला. तो पेडलला पोचेना. ती बैठकीवर पुढे सरकली, अगदी कडेवर आली, आणि पाऊल पेडलवर टेकलं. तिनं दाबलं. पेडल हललं नाही. तिनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून पुन्हा दाबलं. तिच्या वरच्या ओठावर घाम आला. जमलेली माणसं आधी “दाबा, दाबा” म्हणत होती, मग एकेक मागे सरकू लागली.

“भाभी, नवी स्प्रिंग हाय,” मिस्त्री म्हणाले. “चार दिवसात नरम पडंल.”

“उतरवा मला,” ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी मी वेड्यासारखा कामाला लागलो. सायकलवाल्याकडून मऊ स्प्रिंग आणली, नवा ठोकळा तासून घेतला, मिस्त्रींकडून नव्या रंगावर वेल्डिंग करवून दांडा जोडला. दोन दिवसांत सगळं झालं. दोन दिवसांत. ती माझ्या समाधानासाठी पुन्हा एकदा बसली. या वेळी पाय पोचला, पेडल खाली गेलं. पण ब्रेक लावायचा तर ते दाबून धरावं लागतं, आणि धरून ठेवलं की तिचा गुडघा थरथरू लागे आणि पेडल आपोआप सुटे. तिनं तीनदा करून पाहिलं. मग इंजिन स्वतःच्या हातानं बंद केलं.

“माझ्यानं न्हाई व्हायचं आता,” ती म्हणाली. “सोडा त्याचा नाद. तुमी चालवा.”

तांड्यावरची बाई मला काही बोलेल असं वाटलं होतं. पण तिनं पत्नीला पाठीवर घ्यावं तसं धरून ओट्यापर्यंत नेलं, आणि दोघी बराच वेळ आमच्याकडे पाठ करून बसल्या.

डॉक्टर म्हणतात, गुडघा तसाही गेलाच असता; कदाचित रोजच्या पेडलनं लवकरही गेला असता. असेल. मी त्या उत्तराचा आधार घेऊन पाहिला आहे. पण त्याआधीचे ते पावसाळे तिच्या पायाचे होते आणि ते गोठ्यात, रॉकेलच्या डब्यांत गेले. तिनं त्याबद्दल मला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगावं, याची तयारी मात्र मी इतकी वर्षं करत आलो आहे.

तिनं सांगितलं म्हणून गोऱ्हा आता मी चालवतो. गेल्या वर्षीपासून वरची पट्टी बटईतून काढून तिथे पुन्हा हळद लावतो. ती वर्षातून एखाद्या वेळी कुणाच्या तरी गाडीतून येते, बांधावरून बघते आणि गाडीवाल्याच्या वेळेला परत जाते. एरवी मी शेतावर जाऊन आलो की ती ओट्यावर वाट बघत असते. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, “खालच्या अंगाला पाणी साचलंय का?” मी आठवू लागलो. जाताना इंजिनाचा ठोका ऐकला होता, चढावर पट्टा कसा ओढतो ते पाहिलं होतं, परतताना एका बोल्टच्या खडखडीकडे कान होता. शेत मला दिसलंच नव्हतं.

तेव्हापासून मी बघायचा प्रयत्न करतो. नाल्याच्या अलीकडेच गोऱ्हा उभा करतो आणि पुढे पायी जातो. पानं, माती, पाणी, मनात घोकत परत येतो आणि विद्यार्थ्यासारखा तिच्यासमोर उभा राहून सांगतो. तिच्या प्रश्नांना अजून पुरा पडत नाही. परवा वाटलं, सांगण्यापेक्षा दाखवावं. म्हणून हळदीचं एक पान तोडून नेलं. तिनं ते मांडीवर ठेवून सरळ केलं, उलटं केलं, बोटानं देठापासून टोकापर्यंत चाचपलं. पानावर बारीक तपकिरी ठिपके होते. मला वाटलं होतं ते चिखलाचे शिंतोडे आहेत.

“करपा येऊन राहिलाय,” ती म्हणाली. “हे कुठलं पान? वरलं की खाललं? किती झाडांवर हाय?”

एक पान हाताशी आलं ते मी तोडलं होतं.

ती रागावली नाही. तिनं पान मला परत दिलं आणि म्हणाली, “उद्या उजेडात जा. सगळ्या वळीनं चाला. सावकाश.”

आज मी गेलो. सगळ्या ओळींतून चाललो. जिथं ठिपके दिसले तिथं वाकलो, पान उलटं करून पाहिलं, आणि ती असती तर याहून काय पाहिलं असतं याचा विचार करत पुढच्या झाडाकडे गेलो.